बेउलाकडून शिकलेली बोली

आर्लिस गेदरच्या तोंडावर मी बंदूक झाडली, ती एकोणीसशे छत्तीस सालच्या डिसेंबरात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझी नातवंडं म्हणतात, आजोबा, तुम्ही गोष्टीत तीन कुत्री आणि एक लग्न घालता आणि मुद्द्यावर येईपर्यंत कॉफी गार होते. म्हणून या खेपेला मुद्दा पहिल्याच ओळीत ठेवला. आता तुम्ही कॉफी सावकाश प्या, आणि मी आर्लिसकाकाबद्दल सावकाश सांगतो.

आर्लिसकाका जन्मला तो व्हाइट नदीवरच्या तरंगत्या घरात, आणि त्या घराचं दार इतकं ठेंगणं होतं की उंच वाढलेला हा माणूस जन्मभर वाकूनच चालला. चर्चमध्ये उभा राहिला तरी वाटे, हा आत्ता कुठल्या तरी दारातून बाहेर पडतोय. उन्हाळ्यात तो नदीच्या तळाचे शिंपले काढून बटणांच्या कारखान्याला विकायचा आणि हिवाळ्यात शिकारी क्लबच्या पाहुण्यांना बदकांकडे न्यायचा. क्लब होता पेटस साहेबांचा. पाहुणे मेम्फिसहून, सेंट लुईहून येत. कोणी कापसाचा दलाल, कोणी बँकवाला. त्यांचे बूट नवे आणि बंदुका त्याहून नव्या. काकाचं घर क्लबच्याच काठाला बांधलेलं असे. म्हणजे क्लबची नोकरी गेली की घर सोडवून नदीच्या धारेला लावायचं, आणि जिथे नदी नेईल तिथे जायचं.

त्या काळी बदकं बोलवायचं काम माणसाचं नव्हतंच. काकाकडे पाळलेली सहा बदकं होती. त्यांच्या पायाला चामड्याची वादी, वादीला शिशाचा गोळा. हिवाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या ओकच्या बुडीत रानात मोकळ्या पाण्यावर ती सोडून द्यायची, की ती आपली ओरडत बसत आणि वरून जाणारी रानबदकं गिरकी घेऊन खाली येत. सगळ्यांत जुनी होती बेउला. राखी अंगाची, घोगऱ्या आवाजाची, एका डोळ्याने सतत तुमचा हिशेब करणारी. पाहुणे झाडाआड उभे राहत आणि काका पाईप ओढत होडीत बसून राही. गोळीबार संपला की तो वल्हं मारत बेउलाकडे जाई आणि खिशातून मक्याचे दाणे काढून तिला देई. वल्ह्याचा आवाज आला की बेउला दुप्पट जोराने बोलू लागायची. आम्ही म्हणायचो, काकाला बदकांबद्दल जे ठाऊक आहे ते सगळं बेउलाला ठाऊक आहे, आणि बेउलाला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं काकाला नाही.

पस्तीस साली सरकारने कायदा केला. जिवंत बदकं बांधून शिकार करायची नाही. शिकारखात्याचा माणूस कागद घेऊन आला, क्लबच्या दाराला ठोकून गेला. तो हिवाळा काकाने लाकडी बदकं पाण्यावर मांडून काढला. लाकडी बदकं दिसायला झकास होती, पण मुकी. रानबदकं दोन घिरट्या घालत, खालच्या शांततेत काय ते ओळखत आणि मिसिसिपीकडे निघून जात. पाहुणे अंगभर चिखल घेऊन घरी गेले. मार्चमध्ये पेटस साहेबांनी काकाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बोलताना आपल्या नखांकडे बघायची सवय होती. तो म्हणाला, बाकीचे लोक पिपाणी वाजवून बदकं उतरवतात. पुढच्या डिसेंबरात पहिले पाहुणे येतील, त्या दिवशी तुला ते जमलं तर जागा तुझी, नाही तर मला दुसरा बघावा लागेल.

काकाचं वय तेव्हा सत्तेचाळीस. त्याने आयुष्यात तोंडाने पाईपशिवाय काही वाजवलं नव्हतं.

पिपाणी त्याने स्वतःच केली. नदीकाठच्या सीडरच्या लाकडाचा तुकडा कोरला आणि आतली पत्ती आयसीकाकूच्या कठीण रबराच्या कंगव्यातून घासून काढली. आयसीकाकू म्हणजे त्याची बायको, पाच फूट उंच आणि जीभ सहा फूट. ती म्हणाली, आता केस विंचरायला मी काय, बदकाची चोच आणू? पहिले दोन महिने त्या पिपाणीतून जो आवाज निघे, त्याला मी काय म्हणू! नदीच्या वळणावरून आम्ही ओरडायचो, ‘काका, कोणाचं डुक्कर दारात अडकलंय?’ एकदा खरोखर एक गाढव काठावर येऊन उभं राहिलं, आणि बराच वेळ ऐकून गेलं. काका गालांनी फुंकत होता. गालांनी फुंकलं की पत्ती किंचाळते. थंडीत हातांवर श्वास सोडताना जसा तो पोटातून येतो, तसा सोडावा लागतो, हे त्याला जुलैत कळलं. तेही बेउलाकडे पाहून. ती ओरडताना तिचं पोट हलायचं, मान नाही.

मग तो तिच्याच शाळेत बसला. पिंजरा घराच्या मागच्या फळीवर होता. त्याच्याशेजारी तो बालदी उपडी घालून बसे. ती बोलली की तो बोले. ती थांबली की तो थांबे. हाळी निराळी, लांब आणि उतरती. चरतानाची कुरबुर निराळी. ती जिभेच्या टोकाने टिकटिक करत काढायची. पाठ फिरवून निघालेल्या थव्याला परत बोलवायची विनवणी निराळी, तिच्यात थोडी घाई असते आणि थोडा लाडही. काकाने आम्हाला नियम सांगितला तो मला आजही शिकारीच्या सगळ्या पुस्तकांहून मोठा वाटतो. ‘शेपटी दिसली की बोल, चोच दिसली की गप.’ म्हणजे बदकं तुमच्यापासून लांब चालली तेव्हाच आर्जव करायचं. तुमच्याकडे येत असतील तर तोंड मिटायचं, कारण येणाऱ्याला परत बोलावलं की त्याला संशय येतो. लग्नाच्या बायकोच्या बाबतीतही हेच, असं तो म्हणे. त्यावर काकूने काय उत्तर दिलं ते मी नातवंडांसमोर लिहीत नाही.

सप्टेंबरपर्यंत काकू थट्टा करत होती. घरात दोन बायका बोलतात आणि नवरा एकही नाही, असं सगळ्यांना सांगायची. ऑक्टोबरात तिची थट्टा बंद झाली. एक दिवस मी मासे द्यायला गेलो तर ती दारातच उभी होती, हातात दाण्यांची वाटी, आणि आत जायला तयार नव्हती. तिने सांगितलं, सकाळी धुकं होतं, मागच्या वेताच्या बनातून बेउला ओरडत होती, पिंजऱ्यातून सुटली असेल म्हणून ती गेली.

‘मी त्याला दाणे टाकले, कॉय,’ ती मला म्हणाली. ‘माझ्या नवऱ्याला. तो वेतांत बसला होता आणि मी त्याच्या अंगावर दाणे टाकले.’

मी हसलो. ती हसली नाही. त्याला त्या बुडीत रानात नको पाठवू, असं मला म्हणाली, जसं काही ते माझ्या हातात होतं. मी चोवीस वर्षांचा, माझं ऐकणार कोण? आणि मला तर कौतुकच वाटत होतं. नदीवर आमच्यात एवढी सुंदर गोष्ट दुसरी घडली नव्हती.

आता ती सकाळ. शनिवारी पेटस साहेबांचे पाहुणे यायचे होते आणि शुक्रवारी धुकं पडलं. काकाने कोणाला न सांगता जायचं ठरवलं. रानबदकांवर आपली बोली एकदा एकट्याने पारखून बघायची, मग शनिवार. मलाही कोणाला सांगायचं नव्हतं. माझ्या घरी चार दिवस उकडलेली रताळी चालली होती, आणि पाण्यावर बसलेल्या बदकावर गोळी झाडणं क्लबवाल्यांच्या लेखी लाजेची गोष्ट असली तरी आमच्या लेखी ते जेवण होतं. बापाची दुनळी बंदूक होडीत टाकून मी धुक्यात शिरलो.

बुडीत रानात धुकं असलं की झाडं जागच्या जागी उभी राहत नाहीत. एक खोड पुढे येतं, मागे जातं, तुम्ही वल्हं थांबवता आणि झाड चालतच राहतं. कुठलाही आवाज डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो. मला डावीकडून बदकीण ऐकू आली. मग टिकटिक, टिकटिक, चरणाऱ्या थव्याची कुरबुर. मग धुक्याखालून पाण्यावर छोटे छोटे तरंग येताना दिसले, जसे चरणाऱ्या बदकांच्या पायांनी उठतात. काका झाडाला टेकून कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि एका पायाने पाणी हलवत होता. ते मला कसं कळणार? माझ्या डोळ्यांपुढे पंधरावीस बदकं बसलेली होती. मी शपथेवर सांगितलं असतं.

मी वल्हं ओढत जवळ गेलो. आणि एका बुंध्याला ते आपटलं. टक्क.

इथे मला कळायला हवं होतं. रानातली बदकीण वल्ह्याचा आवाज आला की गप होते, आणि दुसऱ्या श्वासाला उडते. ही गप झाली नाही. उलट थोडी जोराने बोलली, जरा लाडाने. मी काय समजलो? समजलो की हिचा पंख कोणीतरी आधीच मोडलाय, हिला उडता येत नाही, आणि जखमी बाई जोडीदाराला बोलावतेय. एवढी अक्कल माझ्यापाशी होती. मी दुनळी उचलली, आवाजाच्या थोडं खाली धरली आणि दोन्ही घोडे ओढले.

त्यानंतर जो आवाज आला तो बदकाचा नव्हता.

मी काकाला कसा होडीत ओढला, कसा काठाला आणला, ते मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की त्याच्या हातात पिपाणीचं मागचं टोक होतं आणि तो ते सोडत नव्हता. पुढचा भाग फुटून त्याच्या ओठांत घुसला होता. डॉक्टरने छर्रे काढले, चार दात काढले, ओठ शिवले. डोळे वाचले. पण खालचा ओठ एका बाजूने कायमचा लोंबता राहिला, आणि त्याने हवा धरता येईना. शेरीफ आला तेव्हा काकाने बँडेजातून मान हलवली, अपघात, बस्स. माझं नाव घ्यायला त्याने नकार दिला आणि ते मीच सांगितलं. शनिवारी पाहुणे आले. पेटस साहेबांनी त्यांना नदीपलीकडच्या एका माणसाबरोबर पाठवलं, आणि काकूला निरोप दिला की घर वसंतापर्यंत काठाला राहू द्या, घाई नाही. घाई नाही, याचा अर्थ आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात.

मी रोज त्यांच्याकडे जायचो. लाकडं फोडायचो, पाणी भरायचो. काकू माझ्याशी बोलत नसे, पण जेवण वाढी. जानेवारीत काकाला बोलता येऊ लागलं, अर्धवट, शब्दांतून वारा सुटत असे. त्याने मला बालदीवर बसवलं, बेउलाच्या पिंजऱ्याशेजारी.

‘वल्हं मला ऐकू आलं होतं,’ तो म्हणाला. ‘वर थवा वळत होता. मी म्हटलं, कोणी तरी माझ्यासाठी दाणे घेऊन येतंय.’

मला वाटलं, ताप चढलाय. पण त्याने बेउलाकडे बोट केलं. वल्ह्याचा आवाज झाला की तिला मका मिळायचा. आयुष्यात तिला कोणी गप बसायला शिकवलंच नव्हतं. तो तिच्याकडून सगळं शिकला होता, फक्त भीती शिकला नव्हता, कारण ती तिच्याकडे नव्हतीच. ‘पाळलेल्या मास्तरणीकडून रानातली बोली शिकलो,’ तो म्हणाला, ‘चूक तुझ्या एकट्याची नाही.’ ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग तो म्हणाला, तुझं तोंड शाबूत आहे आणि माझे कान. आपण दोघं मिळून एक माणूस होऊ. पेटस साहेबाला विचार.

साहेबांनी नखं पाहिली आणि पुढच्या हंगामाचे पहिले पाहुणे आम्हाला दिले. ते खूश गेले तर काकाची जागा राहील, नाही तर तेव्हा मात्र घर सोडवायचं. ते वर्ष मी शिकलो. बेउलाकडे काकाने मला जाऊच दिलं नाही. पहाटे तो मला बुडीत रानाच्या काठाला नेई आणि पिपाणी खिशात ठेवायला लावी. महिनाभर मी नुसतं ऐकलं. रानबदकिणी कधी बोलतात ते नाही, कधी गप होतात ते मोजायचं. घारीची सावली पडली, गप. फांदी मोडली, गप. काही झालं नाही, तरी गप. आणि मग दहा मिनिटांनी कळायचं की पलीकडून माणूस येत होता. त्या शांततेत बसायला मला नको वाटे. काका मागे बसलेला असे, मांडीवर भरलेली बंदूक, आणि मी त्याच्यापुढे पाठ करून.  माझ्या मानेला त्या नळीचा थंडपणा रोज जाणवे, ती नळी कुठे का असेना.

सदतीसचा डिसेंबर आला आणि पहिल्याच दिवशी धुकं. पाहुणा एकच होता, मेम्फिसचा लस्क नावाचा कापूसदलाल, भला जाडा माणूस. आम्ही तिघे होडी झाडांत दाबून बसलो. काका माझ्या मागे, त्याचा हात माझ्या खांद्यावर. बोट दाबलं की बोलायचं, हात उचलला की गप, असं आमचं ठरलेलं. वर पंखांचा आवाज झाला. मोठा थवा, दोनशेचा तरी. मी हाळी दिली. थवा वळला. दुसऱ्या घिरटीला तो पाठमोरा झाला, शेपट्या दिसल्या. म्हणजे आता विनवणीची वेळ. मी पिपाणी ओठाला लावली आणि काकाने हात उचलला.

मी मागे पाहिलं. त्याचा चेहरा हलत नव्हता. लस्क कुजबुजला, ‘वाजव की.’ थवा लांब चालला होता आणि त्याच्याबरोबर काकाचं घर. मी पुन्हा पिपाणी उचलली, तर त्याने माझं मनगट धरलं. आणि मग मलाही ऐकू आलं. वल्हं नव्हे. कोणीतरी पाण्याबाहेर काढून धरलेल्या वल्ह्यावरून पडणारे थेंब. तीन. मग काहीच नाही.

थवा स्वतःच परत वळला. पाय खाली सोडून, पंख वाकवून तो सरळ आमच्यावर उतरू लागला. अशा वेळी माणूस खोकत नाही, शिंक आली तर बाहीत दाबतो. उतरत्या थव्याखाली तोंड उघडणाऱ्या गाइडला दुसऱ्या दिवशी नदीवर कोणी ओळख देत नाही. काका होडीत उभा राहिला. त्या फाटक्या तोंडाने, जेवढा आवाज होता तेवढा काढून तो धुक्यात म्हणाला,

‘इथं माणसं आहेत, भाऊ. तीन माणसं आहेत.’

वर दोनशे बदकांचे पंख एकदम उलटे फिरले. थवा गेला. काका तसाच उभा होता. त्याने पुन्हा सांगितलं, आवाज दे, भाऊ. कोणी आवाज दिला नाही. पण कोणी निघून गेल्याचाही आवाज झाला नाही. आम्ही बसलो होतो, आणि धुक्यात कोणीतरी बसलं होतं. लस्क तोंड भरून शिव्या द्यायला लागला. पेटसला सांगतो, असली वेडी माणसं ठेवतो म्हणून. काकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला होडीच्या तळाशी दाबलं. कापूसदलालाला असं कोणी दाबलं नसेल. तो गप झाला. मला वाटतं, काकाच्या हाताला काय ठाऊक आहे ते त्याला हातातूनच कळलं.

नऊच्या सुमाराला धुकं विरलं. होडी कुठे नव्हती, पण वीस पावलांवर दोन ओकच्या मध्ये पाण्याच्या रेषेवर साल नव्याने खरवडलेली होती, होडीचं नाक तिथे घट्ट दाबून धरलेलं असणार. पुढच्या झुडपाची एक फांदी मोडून बाजूला वाकवली होती. लस्कने हट्ट केला म्हणून मी होडी तिथे नेली. त्या फटीतून त्याने पाहिलं. समोर आमची जागा, अगदी चौकटीत बसवल्यासारखी.  मग त्याने आपला मफलर घट्ट केला आणि परत चला म्हणाला.

क्लबच्या पायऱ्यांवर पेटस साहेबांनी विचारलं, किती मिळाली? लस्क म्हणाला, एकही नाही, आणि हा वाकलेला म्हातारा पुढच्या वर्षी मलाच पाहिजे. घर काठालाच राहिलं. काका आणखी अकरा हिवाळे माझ्या मागे बसला. त्याच्या हाताने मला बदकं बोलवायला शिकवलं. पण तो हात दाबण्यापेक्षा उचललाच जास्त गेला.

तो होडीतला माणूस कोण, ते कधी कळलं नाही. नदीवर माणसं ती किती! त्या हिवाळ्यात क्लबच्या दुकानात तंबाखू घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे मी पाहिलं. कोणी माझी नजर चुकवली नाही. चुकवली असती तरी मी काय म्हणणार होतो? वर्षापूर्वी मीही तसाच बसलो होतो, नळी सरळ धरून, आणि मला धुक्यातून कोणी सांगितलं नव्हतं की इथं माणसं आहेत.